वेशीबाहेरचीं थडगीं

शास्त्रपाठ : २ शमुवेल २१:८–१४, मत्तय २३:२९–३१, मत्तय २७:३–१०, इब्री १३:११–१३.

मुख्य विचार : बहिष्कृताच्या थडग्याचा मान राखणें चांगलें आहे, पण जिवंत बहिष्कृताला दार बंद असेल, तर तें थडगेंच आपल्याविरुद्ध साक्ष देतें.

३१ ऑक्टोबर हा दिवस आपल्या मंडळ्यांस लूथराच्या स्मरणानें परिचित आहे. सन १५१७ मध्यें त्या दिवशीं त्याचीं पंचाण्णव विधानें पुढें आलीं असें आपण मानतों. पण या दिवसाला याहून जुनें असें एक नांव आहे. १ नोव्हेंबर हा पश्चिमेकडील मंडळ्यांत सर्व संतांच्या स्मरणाचा दिवस असल्यामुळें त्याची आदली संध्याकाळ ‘सर्व संतांची पूर्वसंध्या’ ठरली. इंग्रजींत तिलाच हॅलोवीन म्हणतात. आतां त्या रात्रीं पाश्चात्य देशांत मुलें भुतांचीं सोंगें घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. आपल्याकडे अमावास्येच्या रात्रीं मसणवटीच्या वाटेनें जावयास लोक भितात, आणि ख्रिस्ती कुटुंबांतूनही हें भय सर्वस्वीं गेलेलें नाहीं. परंतु लंडन शहरांत कांहीं वर्षें याच रात्रीं लोक मुद्दाम एका जुन्या स्मशानाच्या दाराशीं जमत असत. ज्यांच्यासाठीं कोणी रडलें नाहीं, ज्यांचीं नांवें कोणी जपलीं नाहींत, अशा मृतांची आठवण ते करीत. तो वृत्तांत, आणि आपल्या महाराष्ट्रांतील त्याच्याच जोडीचा दुसरा, असे दोन्ही आज पाहूं.

१. लंडनचें स्मशान

थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर सदर्क नांवाचा भाग आहे. मध्ययुगांत तेथील एका टापूवर विंचेस्टरच्या बिशपांचा अंमल असे. शहरांत ज्याला मनाई, तें तेथें चाले. वेश्यागृहें देखील बिशपांच्या हद्दींत व त्यांच्या नियमांखालीं चालत. सन १५४६ मध्यें आठव्या हेन्री राजानें तीं बंद केलीं. पुढें सन १५९८ मध्यें जॉन स्टो या इतिहासकारानें लंडनचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत त्यानें जुन्याजाणत्या माणसांकडून ऐकलेली गोष्ट नमूद केली आहे. ती अशी कीं, या स्त्रिया मरण्यापूर्वीं तो मार्ग सोडून मंडळीशीं समेट न करतील तर त्यांना ख्रिस्ती रीतीनें मूठमाती मिळत नसे. त्यांच्यासाठीं देवळापासून दूर एक निराळी जागा राखलेली होती.

ती जागा म्हणजेच ‘क्रॉस बोन्स’ नांवाचें स्मशान, असें लोक मानतात. कालांतरानें तेथें गोरगरिबांना पुरूं लागले, आणि अगदीं भरून गेल्यामुळें सन १८५३ मध्यें तें बंद झालें. तेथें सुमारें १५,००० मृत असावेत असा अंदाज आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रेल्वेच्या कामासाठीं तेथें खोदकाम झालें, तेव्हां १४८ सांगाडे बाहेर काढण्यांत आले. त्यांत तान्ह्या बालकांचे पुष्कळ होते.

सन १९९८ पासून हॅलोवीनच्या रात्रीं तेथें स्मरणाचा कार्यक्रम होऊं लागला. लोक दाराच्या गजांस मृतांच्या नांवांच्या फिती बांधीत, मेणबत्त्या लावीत. पुढें प्रत्येक महिन्याच्या २३ तारखेस तेथें जमण्याचा प्रघात पडला. सन २०१५ मध्यें सदर्क येथील मुख्य देवळाच्या अधिकाऱ्यांनीं त्या स्थळीं येऊन, मंडळीनें या लोकांस जें वागविलें त्याबद्दल खेद प्रकट केला. ज्या टापूंत हा धंदा धर्माधिकाऱ्यांच्या हुकमतीखालीं चालला, त्याच टापूंत त्या स्त्रियांना पवित्र भूमि नाकारली गेली, हें वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावें. खेद करण्याचें कारण तेंच.

२. चोखोबांचीं हाडें

पण यावरून परक्या देशाला नांवें ठेवण्याआधीं आपल्या पंढरपुराकडे पाहिलें पाहिजे. संत चोखामेळा हे महार जातीचे, मंगळवेढ्याचे राहणारे. विठ्ठलाचे भक्त असूनही देवळांत पाऊल ठेवण्याची त्यांना बंदी होती. मंगळवेढें येथें गांवकुसाच्या बांधकामावर मजुरांबरोबर ते राबत असतां तें कुसूं कोसळलें, आणि त्याखालीं ते व त्यांचे सोबती गाडले गेले. हा प्रसंग सन १३३८ मधील म्हणून सांगतात.

परंपरा अशी आहे कीं, संत नामदेव त्यांचीं हाडें आणावयास गेले तेव्हां कोणतीं कोणाचीं हें कळेना. ज्या हाडांतून विठ्ठलाचें नाम ऐकूं आलें तीं चोखोबांचीं, असें त्यांनीं ओळखलें. मग तीं पंढरीस आणून महाद्वारासमोर पुरलीं. या कथेंतील चमत्काराविषयीं ज्याचें मत त्याच्यापाशीं. ज्या काळीं महाराची सावलीही विटाळ मानीत, त्या काळीं शिंप्याच्या कुळांतील एका संतानें त्याचीं हाडें हातीं घेतलीं, ही आठवण लोकांनीं शतकानुशतकें जपली. आमच्या मतें हेंच मोठें आहे.

तरी पुढें काय झालें? समाधीला लोक नमस्कार करूं लागले; पण चोखोबांच्या जातीच्या माणसांना समाधीच्या पुढें जाण्याची बंदी कायम राहिली. मेलेल्या चोखोबांना फूल, आणि जिवंत महाराला पायरीची मनाई!

ही मनाई उठविण्यासाठीं झटणारे साने गुरुजी आपल्या खानदेशास चांगले ठाऊक आहेत. सन १९२४ ते १९३० पर्यंत ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते, आणि सन १९३२ मध्यें धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांचीं गीता-प्रवचनें त्यांनींच उतरून घेतलीं. महाराष्ट्रभर दौरा करून सन १९४७ च्या मे महिन्याच्या १ तारखेस त्यांनीं पंढरपुरीं उपोषण आरंभिलें. १० तारखेस तें सुटलें, आणि त्याच वर्षीं देऊळ हरिजनांस खुलें झालें. समाधीपासून देवळाच्या आंत जाण्यास चार पावलें पुरतात. तीं चालावयास सुमारें ६०० वर्षें लागलीं.

३. शास्त्राचा बोध

अय्याची कन्या रिस्पा ही शौलाची उपपत्नी होती. तिचे दोन पुत्र व शौलाचे पांच नातू यांस फाशीं देऊन उघड्यावर टाकलें, तेव्हां तिनें खडकावर गोणताट पसरलें. हंगामाच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत ती दिवसां पांखरांना व रात्रीं श्वापदांना हांकीत बसली. तिच्या हातीं ना सत्ता होती, ना तिचें कोणी ऐकणारें होतें. पण तिचें वर्तमान दावीद राजाच्या कानीं गेलें, आणि त्यानें तीं हाडें गोळा करविलीं.

याच्या उलट मत्तयाच्या २७ व्या अध्यायांतील याजक. ज्या पैशानें त्यांनीं एका निर्दोष मनुष्याचा घात केला, तो पैसा भांडारांत घालण्यास त्यांना विटाळ वाटला. म्हणून त्यांनीं परक्यांना पुरण्यासाठीं कुंभाराचें शेत घेतलें. जमीन दिली, पण पश्चात्ताप केला नाहीं. संदेष्ट्यांचीं थडगीं बांधून त्यांच्या मारेकऱ्यांच्याच वाटेनें चालणाऱ्यांना प्रभूनें काय म्हटलें, तें २३ व्या अध्यायांत वाचावें. आणि हेंही ध्यानांत ठेवावें कीं, प्रभु स्वतः वेशीबाहेर, दोघां गुन्हेगारांमध्यें मेला, व त्याला दुसऱ्याच्या कबरेंत ठेवावें लागलें.

४. आपल्या मंडळीसाठीं

मृतांच्या कल्याणासाठीं विधि करावे अशी आपली शिकवण नाहीं. परंतु त्यांचें स्मरण जिवंतांना सुधारण्याच्या कामीं येतें. आपल्या खेड्यांतून जातवार स्मशानें अद्याप आहेत. मंडळीच्या दफनभूमींत तरी तशी ओळ नसावी. सातपुड्यांतून केळीच्या बागांत मजुरीस आलेला पावरा, महारोगानें घरच्यांनीं टाकलेला मनुष्य, रस्त्यावर मेलेला अनोळखी वाटसरू, बाप्तिस्मा न झालेलें तान्हें मूल, यांनाही इतरांच्याच ओळींत, प्रार्थनेसह मूठमाती मिळावी, आणि नोंदवहींत त्यांचें नांव असावें; नांव ठाऊक नसेल तर दिवस व ठिकाण तरी लिहावें. मात्र तोच पावरा जिवंतपणीं उपासनेच्या वेळीं दाराशीं बसत असेल, तर त्याला आधीं आंत सतरंजीवर बोलवावें.

विचारासाठीं प्रश्न

(१) रिस्पा व याजक या दोघांच्या वर्तनांत भेद कोणता?

(२) चोखोबांच्या समाधीचा मान राखणाऱ्यांना त्यांच्या जातीची मनाई इतकीं वर्षें कां टोंचली नाहीं?

(३) आपल्या दफनभूमींत कोणाचीं थडगीं कोपऱ्यांत किंवा कुंपणाबाहेर आहेत, आणि कां?

(४) येत्या ३१ ऑक्टोबरच्या आंत तेथील कांटेरी झुडपें काढून बिननांवाच्या थडग्यांवर दगड बसविण्याचें काम कोण कोण अंगावर घेतील? उपदेशकांनीं उपासनेनंतर त्यांचीं नांवें लिहून घ्यावीं.