डब्यातलं नाणं: हौस किती, मोल किती?

(गटाच्या बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी अभ्यासपाठ)



मागच्या दिवाळीच्या आसपास आपल्या भागातल्या दोन गटांत दोन गोष्टी घडल्या. दोन्ही ताईंची नावं इथे देत नाही. नाव महत्त्वाचं नाही, शिकणं महत्त्वाचं आहे.

पहिल्या ताईंनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. ‘वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं असेल, तर लाखो रुपये मिळतील.’ नाणं घरात होतंच. दिलेल्या नंबरवर फोन केला. समोरचा माणूस अगदी गोड बोलला. आधी नोंदणीचे पैसे भरा म्हणाला, मग सर्टिफिकेटचे, मग कराचे. ताईंनी ‘मुलाच्या फीसाठी’ असं सांगून गटातून आठ हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं आणि भरलं. पुढे फोन बंद. नाणं अजून डब्यात आहे, आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याला चालू आहे.

दुसरी गोष्ट एका आजींची. दारावर भांडीवाली आली. आजींनी जुन्या साड्यांबरोबर पेटीतलं गांधीजींचं दहा रुपयांचं मोठं नाणं दिलं आणि एक स्टीलचं पातेलं घेतलं. ते नाणं १९६९ सालचं होतं, म्हणजे चांदीचं.

एकीला पाचाचं नाणं लाखाचं वाटलं, दुसरीला चांदीचं नाणं दहाचं वाटलं. दोघींचंही नुकसान एकाच कारणाने झालं. नाण्याचं मोल कसं काढायचं, ते कुणी सांगितलंच नव्हतं. आज तेच शिकू या.

स्मारक नाणं म्हणजे काय?

एखाद्या थोर व्यक्तीची जयंती, एखाद्या संस्थेचा महोत्सव किंवा महत्त्वाची घटना यांची आठवण म्हणून सरकार जे खास नाणं काढतं, ते स्मारक नाणं. स्वतंत्र भारतात याची सुरुवात १९६४ साली झाली. पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांचं चित्र असलेली एक रुपया आणि पन्नास पैशांची नाणी निघाली. १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीची नाणी आली.

आपल्या ओळखीची माणसंही या नाण्यांवर आहेत. १९९० चं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं एक रुपयाचं, १९९९ चं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं आणि २००७ चं लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं नाणं अनेकींच्या हातून गेलं असेल. ३१ मे २०२५ रोजी अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीनिमित्त भोपाळमध्ये ३०० रुपयांचं नाणं प्रकाशित झालं. चौंडीच्या लेकीचं हे नाणं.

आणखी तीन नाणी तर जणू आपल्यासाठीच आहेत. त्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या विषयांवर दरवर्षी नाणी निघत. १९७५ च्या १० पैशांवर ‘समानता, विकास, शांती’ हा महिला वर्षाचा विषय होता. १९७७ चा विषय होता ‘विकासासाठी बचत’. आणि १९८० चा होता ‘ग्रामीण स्त्रीची प्रगती’. तेव्हा आपले बचत गट नव्हते, पण नाण्यावर आपली गोष्ट आधीच आली होती. ही छोटी नाणी आता चलनात नाहीत, कारण २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली. बाजारात त्यांना मोठा भाव नाही, पण घरात असतील तर लेकीसुनांना दाखवायला जपून ठेवा.

स्मारक नाण्यांचे दोन प्रकार लक्षात ठेवा. काही चलनासाठी मोठ्या संख्येने पाडलेली असतात. ती एसटीत, बाजारात, दुकानात फिरतात. वैष्णोदेवीचं २०१२ चं पाच रुपयांचं नाणं याच प्रकारातलं. दुसरी संग्रहासाठी काढलेली असतात. ७५, १००, १२५, ३०० रुपयांची ही नाणी बाजारात सुटी मिळत नाहीत. सरकारी टांकसाळ ती पेटीत घालून ठरावीक किमतीला विकते.

एका नाण्याच्या तीन किमती

आजचा मुख्य धडा हाच. प्रत्येक नाण्याला तीन वेगवेगळ्या किमती असतात.

१. दर्शनी किंमत. नाण्यावर जो आकडा छापलाय, ती.

२. धातूची किंमत. नाण्यात चांदी असेल तर तिचं वजन गुणिले त्या दिवसाचा भाव. स्टील, तांबं-निकेल, अॅल्युमिनियम यांचं नाणं असेल तर ही किंमत नगण्य.

३. हौसेची किंमत. संग्रह करणारा माणूस वरचे जे पैसे देतो, ती. ती तीन गोष्टींवर ठरते: अशी नाणी किती निघाली, आपलं नाणं किती चांगल्या स्थितीत आहे, आणि घ्यायला किती जण तयार आहेत.

आता पहिल्या ताईंचं नाणं या तीन चाळण्यांतून काढू. दर्शनी किंमत पाच रुपये. चांदी नाही. नाणी भरपूर निघाली, आणि हे हाताळून झिजलेलं. मग लाख रुपये कोण आणि कशासाठी देईल? हा एक प्रश्न बैठकीत विचारला असता, तर आठ हजार वाचले असते.

चांदीचा हिशेब करू या

आता आजींचं नाणं. १९६९ चं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅम वजनाचं आहे. त्यात ८० टक्के चांदी.

१५ ग्रॅमचे ८० टक्के म्हणजे १२ ग्रॅम शुद्ध चांदी.

हिशेब सोपा जावा म्हणून चांदी १०० रुपये ग्रॅम धरू. १२ × १०० = १,२०० रुपये. खरा भाव त्या दिवशीच्या पेपरात बघून घाला. पेपरात भाव किलोचा असतो, त्याला हजाराने भागलं की ग्रॅमचा भाव निघतो.

१९७२ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं दहाचं नाणं निघालं. ते वजनाला जास्त, २२.५ ग्रॅम, पण चांदी निम्मीच. म्हणजे ११.२५ ग्रॅम. नाणं जड, चांदी मात्र कमी. आणि १९७४ पासूनची दहाची मोठी नाणी तर तांबे-निकेलची आहेत. दिसायला तशीच पांढरी, मोठी, पण चांदी नाही. म्हणून आधी साल वाचा, मग वजन करा, मग भाव बोला.

संग्रहासाठीच्या नाण्यांतही असंच बघायचं. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं निघालं. वजन ३५ ग्रॅम. त्यात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. म्हणजे चांदी १७.५ ग्रॅम. टांकसाळीच्या किमतीत चांदीशिवाय घडणावळ, पेटी आणि करही असतो. उद्या विकायला गेलात तर पेटीचे आणि कराचे पैसे कोणी परत देत नाही. म्हणून असं नाणं आठवण म्हणून, हौस म्हणून जरूर घ्या. पण ‘गुंतवणूक’ म्हणून गटाचं कर्ज काढून घेऊ नका.

घरच्या घरी ओळख कशी करायची?

*साल आणि खूण.* सालाखाली बारीक खूण असते. शंकरपाळ्यासारखा चौकोन असेल तर साधारणपणे मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. मुलांना हा शोध फार आवडतो. एखादी खूण आहे एवढ्यानेच नाणं महाग होत नाही, हेही त्यांना सांगा.

*लोहचुंबक.* नाणं चिकटलं तर ते चांदीचं नाही. पण चिकटलं नाही म्हणून ते चांदीचंच, असंही नाही. तांबे-निकेलही चिकटत नाही.

*काटा.* ओळखीच्या सराफाकडे वजन करून घ्या. सरकारी नाण्याचं वजन ठरलेलं असतं. उदाहरणार्थ, दोन धातूंचं दहा रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅम भरतं. चांदीचं म्हणून दाखवलेलं नाणं वजनात बराच फरक दाखवत असेल तर सावध व्हा.

*रंग.* पिवळं दिसलं म्हणजे सोनं नव्हे. १९६९ चं गांधीजींचं २० पैशांचं पिवळं नाणं अॅल्युमिनियम-ब्राँझचं आहे.

आणखी एक. धनत्रयोदशीला सराफाकडून लक्ष्मी-गणपतीचं चांदीचं ‘नाणं’ घेतो ना? ते सरकारी नाणं नव्हे. त्यावर रुपयांचा आकडा नसतो. त्याला चांदीची किंमत आहे, दर्शनी किंमत नाही. घेताना शुद्धता विचारा आणि पावती घ्या.

घासू नका!

आपल्याला भांडं लख्ख करायची सवय. चिंच, राख, लिंबू, नाही तर टूथपेस्ट घेतो आणि घासतो. तांब्या-पितळेला हे ठीक, पण जुन्या नाण्याला नाही. घासल्याने वरचा थर जातो, बारीक ओरखडे पडतात आणि संग्राहक ते नाणं बघताक्षणी बाजूला ठेवतो. चांदीचं नाणं काळपट पडलं तरी तसंच राहू द्या. लक्ष्मीपूजनाला पंचामृत आणि हळदकुंकू वाहायचं असेल तर त्यासाठी वेगळं नाणं ठेवा.

नाणं नेहमी कडेने धरा. नाण्याच्या तोंडावर बोट टेकवलं की घामाचा डाग उमटतो. प्रत्येक नाणं वेगळ्या कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा. वास येणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या पिशवीत नको, त्याने काही वर्षांनी नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पाकिटावर साल, रक्कम आणि ते कुठून आलं ते लिहा. टांकसाळीतून पेटीबंद आलेलं नाणं पेटीतून काढूच नका. त्यातल्या ‘प्रूफ’ प्रकारात पार्श्वभूमी आरशासारखी चकचकीत असते. एका बोटाच्या ठशानेही तिचं मोल उतरतं.

फसवणूक कशी ओळखायची?

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी लोकांना जाहीर सावध केलं आहे. काही लोक बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून जुन्या नाण्यानोटांच्या व्यवहारासाठी शुल्क, कमिशन किंवा कर मागतात. रिझर्व्ह बँक असे व्यवहार करत नाही, असं शुल्क मागत नाही, आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

म्हणून हे चार नियम पाठ करा.

• विकणाऱ्याला पैसे मिळतात, विकणारा पैसे भरत नाही. कोथिंबीर विकायला बसलो तर गिऱ्हाईक आपल्याला पैसे देतं. नाणं विकतानाही तसंच.

• पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याच खात्यातून गेले.

• ‘आजच शेवटचा दिवस’, ‘घरात कुणाला सांगू नका’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवा.

• फसलातच, तर लगेच १९३० वर फोन करा आणि पोलिसांत तक्रार द्या. लाजेने गप्प बसू नका. जितका उशीर, तितकं पैसे परत मिळणं कठीण.

उलटी फसवणूकही असते. बाजारात काही जण दहाचं नाणं ‘चालत नाही’ म्हणून नाकारतात. वेगवेगळ्या चित्रांमुळे शंका येते, त्यातली बरीच चित्रं स्मारक नाण्यांचीच. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं, की तोपर्यंत काढलेली दहाच्या नाण्यांची सर्व १४ चित्रं वैध आहेत. तेव्हा आठवडी बाजारात आपल्या स्टॉलवर ही नाणी निर्धास्त घ्या आणि द्या. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्यावरच्या नाण्यांत एका वेळी हजार रुपयांपर्यंतची रक्कम देता येते. आणि हो, नाणं वितळवायला याच कायद्याने बंदी आहे.

गटाने काय करायचं?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली दोन-तीन जुनी नाणी आणावीत. लिहिती ताईने वहीत चार रकाने आखावेत: साल, दर्शनी किंमत, धातू, आपला अंदाज. मग सगळ्यांनी मिळून या प्रश्नांवर बोलावं.

१. आपल्यापैकी कुणाकडे चांदीचं नाणं निघालं का? त्यात शुद्ध चांदी किती ग्रॅम?

२. नाणं विकायचं ठरलं तर किमान दोन ठिकाणी भाव विचारायला कोण कोण सोबत जाईल?

३. कर्ज मागताना खरं कारण सांगायला आपल्या गटात कुणाला भीती वाटते का? का वाटते?

तिसरा प्रश्न मुद्दाम ठेवलाय. त्या ताईंनी खरं कारण सांगितलं असतं, तर दहा जणींपैकी एक तरी म्हणाली असती, ‘थांब गं, आधी विचारू.’ आपण हसू, आपल्याला बोलू, या भीतीने त्या गप्प राहिल्या. त्यांचा हप्ता आता गटाने छोटा करून दिला आहे, आणि पुढच्या बैठकीत हा पाठ मोठ्याने वाचायचं त्यांनीच ठरवलं आहे.

आजींचं नाणं मात्र परत आलं नाही. तुमच्या घरी आजी असतील, तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून पेटी उघडा. एकेका नाण्याचं साल वाचा, आणि ते कुणी दिलं होतं तेही विचारा.