किल्ली कोणाच्या हातीं?

बंद दार दिसलें म्हणजे पलीकडे काय आहे हें पाहण्याची इच्छा मनुष्यास सहज होते. आणि तें दार आपल्यापुरतेंच बंद आहे असें कळलें, तर आपणांवर अविश्वास दाखविला असें वाटून मन खट्टू होतें. असें वाटणें कितपत योग्य आहे, याचा विचार संगणकाच्या इतिहासांतील एका गोष्टीवरून करूं.

इ. स. १९६१ मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कोर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं एकच संगणक अनेकांस एकाच वेळीं वापरतां यावा, अशी योजना करून दाखविली. यंत्र एक, परंतु लेखन ज्याचें त्याचें. म्हणून प्रत्येकास परवलीचा निराळा शब्द असे. हे सर्व शब्द मात्र एकाच फाईलींत सांठविलेले होते. कांहीं वर्षांनीं एके दिवशीं एक व्यवस्थापक ती फाईल दुरुस्त करीत होता, व त्याच वेळीं दुसरा सर्वांस दिसावयाची सूचना लिहीत होता. दोघांच्या कच्च्या प्रतींस यंत्रानें एकच नांव दिलें आणि दोहोंची अदलाबदल झाली. मग जो कोणी यंत्रापाशीं बसे, त्याच्यापुढें सूचनेऐवजीं सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून येऊं लागली! येथें चोर कोणीच नव्हता. दोघेही विश्वासू होते. तरी सर्वांचें गुपित उघडें पडलें.

यावरून हें स्पष्ट होतें कीं, सज्जनपणा कुलुपाची जागा घेऊं शकत नाहीं. १९७५ मध्यें जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनीं एका निबंधांत या विषयाचे नियम मांडले. त्यांतील दोन लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. पहिला, प्रत्येकास त्याच्या कामापुरताच अधिकार असावा. दुसरा, अधिकार स्पष्टपणें दिलेला नसेल, तर तो नाहीं असेंच समजावें.

१९६९ मध्यें बेल लॅबोरेटरीजमध्यें केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं सुरू केलेल्या युनिक्स नांवाच्या प्रणालींत याची सोपी रीत आढळते. तींत माणसांचे वर्ग तीन: फाईलीचा मालक, त्याचा गट व इतर सर्व. अधिकारही तीन: वाचणें, त्याचा अंक ४, लिहिणें, २, आणि चालविणें, १. समजा, एक गुणपत्रक आहे. वर्गशिक्षक तें वाचतील व लिहितील, म्हणून ४ आणि २ मिळून ६. इतर शिक्षक केवळ वाचतील, म्हणून ४. बाकीच्यांस कांहींच नको, म्हणून ०. एवंच त्या फाईलीचा अंक ६४०. येथें इतर शिक्षकांस लिहितां येत नाहीं, तें त्यांची योग्यता कमी म्हणून नव्हे, तर तें त्यांचें काम नव्हे म्हणून. अधिकार हा मान नसून भार आहे. आणि नको असलेला भार उतरविणें हा उपकारच होय.

विद्यार्थिमित्रहो, मैत्रीची खूण म्हणून परवलीचा शब्द एकमेकांस सांगण्याची चाल तुमच्यांत आहे. उद्यां कांहीं बिघडलें, तर ज्यास शब्द ठाऊक त्याच्यावर संशय येणार. मित्रास अशा संशयांत लोटणें ही मैत्री कसली? तसेंच मित्राचें पत्र वा छायाचित्र तुमच्यापाशीं असलें, तरी तें चौघांस दाखविण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. त्यास विचारल्यावांचून तें पुढें धाडूं नये.

पालकांसही एक विनंती. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खासगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे, असा निर्णय दिला. २०२३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांची संमति आवश्यक ठरविली. म्हणजे मुलांच्या कांहीं किल्ल्या तूर्त आपल्या हातीं आहेत. त्या लपून न वापरतां सांगून वापराव्या, आणि मूल जाणतें होईल तसतशी एकेक किल्ली त्याच्या स्वाधीन करावी. ज्यास आपली किल्ली सांभाळतां आली, तोच दुसऱ्याच्या दाराचा मान राखील.