मोबाईलमधील अनाहूत ॲप : काढले तरी परत का येते?

गेल्या कार्तिक वद्यात आमची दिंडी नगर रस्त्याने आळंदीस जात असता शिक्रापुरास मुक्काम पडला. हरिपाठ आटोपला, मंडळी पथाऱ्या पसरू लागली, आणि दिंडीतील एक आजी हातात मोबाईल घेऊन आमच्यापुढे येऊन बसल्या. म्हणाल्या, "महाराज, ह्या पोराला तुम्हीच समजावा. रोज रातीचं ह्यात काहीबाही घालून ठेवतंय." पोर म्हणजे त्यांचा बारा वर्षांचा नातू. तो बिचारा गळ्यातल्या माळेवर हात ठेवून सांगे की, मी शिवलोसुद्धा नाही. आजी ऐकेनात.

पत्त्यांचा एक खेळ, 'मोबाईल स्वच्छ करतो' म्हणणारे एक ॲप आणि झटपट कर्ज देऊ करणारे एक, अशी ती त्रयी होती. आजी निजण्यापूर्वी तिन्ही काढून टाकीत. काकड्याला उठून पाहावे तो तिन्ही पुन्हा हजर. दिंडीच्या पंगतीची वर्गणी ह्याच मोबाईलवर जमा होत असे, म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागलेला. आमचाही संशय आधी पोरावरच गेला, हे येथे लपविण्यात अर्थ नाही.

सकाळी चाकण चौकाजवळच्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांतले कामगार जुने मोबाईल घेतात-देतात, त्यामुळे तेथल्या मुलाचा हात ह्या कामात बसलेला. त्याने मोबाईल उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही ॲप काढताय, आणणाऱ्याला कुठं काढताय?" ह्या एका वाक्यात सगळा विषय आला. तोच आता जरा उलगडून पाहू.

पहिली गोष्ट अशी की, पडद्यावरचे चित्र काढणे म्हणजे ॲप काढणे नव्हे. पुष्कळ मोबाईलांत चित्र दाबून धरले की दोन पर्याय येतात. एकाने नुसते चित्र जाते, ॲप आत तसेच राहते. दुसऱ्याने, म्हणजे 'अनइन्स्टॉल' केल्याने, ॲप खरोखर जाते. पण खरोखर गेलेलेही परत येते, तेव्हा ते कोणीतरी आणतो असे समजावे. आणणारे बहुधा तीन जातींचे असतात.

एक, मोबाईल बनविणारी कंपनी. कारखान्यातूनच काही ॲपे आतल्या कोठीत, म्हणजे जेथे मूळ यंत्रणा राहते त्या भागात, बसवून येतात. ती आपल्याला उपटता येत नाहीत. फार तर 'डिसेबल' करून गप्प बसविता येतात. शिवाय काही मोबाईलांत कंपनीचे स्वतःचे ॲप-दुकान असते, आणि ते आपल्याला न विचारता नवी ॲपे उतरवून घेऊ शकते. मोबाईलची यंत्रणा नव्या आवृत्तीवर गेली की जुने पाहुणे पुन्हा दारात दिसतात, ते ह्यामुळेच. ह्या बाबतीत न्यायाचे गाडेही मध्येच अडकले. भारतीय स्पर्धा आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी गूगल कंपनीस 1337.76 कोटी रुपयांचा दंड केला आणि तिची आधीपासून बसविलेली ॲपे गिऱ्हाइकास काढता आली पाहिजेत, असेही फर्माविले. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण ॲपे काढू देण्याचा तो हुकूम मात्र रद्द केला. दंड सरकारला मिळायचा. आपल्या पदरात काय पडले, हे वाचकांनीच पाहावे.

दुसरा आणणारा म्हणजे आपण स्वतः. मोबाईल पूर्ण पुसून पुन्हा तेच खाते घातले, आणि 'जुने सर्व परत आणू का?' ह्या प्रश्नाला न वाचता 'हो' म्हटले, की खात्यात नोंदलेली जुनी ॲपे भराभरा उतरतात. त्यात चोरी कुणाचीच नाही.

तिसरा खरा चोर. साध्या सोज्ज्वळ रूपात एखादे ॲप आत शिरते आणि मग इतरांना बोलावीत राहते. ह्याला परवाने लागतात, आणि ते आपणच देतो. 'अनोळखी ठिकाणची ॲपे बसवू द्यावी काय?' हा एक. 'ॲक्सेसिबिलिटी' हा दुसरा, आणि फार जपण्याचा. ही सोय दृष्टी अधू असलेल्यांसाठी, हात नीट चालत नसलेल्यांसाठी ठेवलेली आहे. ती मिळाली की ॲप पडद्यावरचे वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणेही दाबू शकते. म्हणजे 'बसवू का?' असे मोबाईलने विचारावे आणि चोरानेच आतून 'हो' म्हणावे! जे बटण दाबते ते पैशाचा पडदाही वाचू शकते, हे ध्यानात घ्यावे.

येथे कोणी शंका घेईल : मग सगळा मोबाईल पुसून 'फॅक्टरी रीसेट' का करू नये? बहुतेक वेळा त्याने भागते. पण रीसेट ओसरी झाडतो, कोठी झाडीत नाही. 2019 मध्ये 'एक्सहेल्पर' नावाचा असाच एक उपद्रव निघाला. सिमॅन्टेक कंपनीने त्या ऑक्टोबरात सांगितले की, सहा महिन्यांत सुमारे 45,000 मोबाईलांना त्याची बाधा झाली, आणि ती भारत, अमेरिका व रशिया येथे अधिक होती. मोबाईल स्वच्छ करण्याच्या मिषाने ते आत येई, पडद्यावरून नाहीसे होई, आणि सेटिंगमधल्या यादीत तेवढे दिसे. काढले तरी परत. रीसेट केला तरी परत! एप्रिल 2020 मध्ये कॅस्परस्की कंपनीने त्याचे वर्म उघडे केले. मूळ यंत्रणेचा भाग एरवी केवळ वाचण्यापुरता उघडा असतो. हे ॲप, विशेषतः जुन्या अँड्रॉइड 6 व 7 च्या मोबाईलांत, तो लिहिण्यासाठी उघडून आपल्या प्रती तेथे ठेवी, आणि दुसऱ्या कोणाला तो उघडता येऊ नये म्हणून यंत्रणेची एक फाईलच बदलून टाकी. अशा वेळी यंत्रणा नव्याने भरणे हाच उपाय; आणि काही स्वस्त मोबाईलांत ती कारखान्यातूनच दूषित येते, मग तोही उपाय चालत नाही.

आता आजींच्या मोबाईलचे पाहू. दुकानातल्या मुलाने सेटिंगमध्ये जाऊन पत्त्यांच्या खेळाची माहिती उघडली. तेथे तळाशी हे ॲप कोठून बसविले ते लिहिलेले असते. प्ले स्टोअरचे नाव नव्हते. नाव होते एका अभंगांच्या ॲपचे! वर विठोबाचे चित्र. बसविण्याचा परवाना त्याला, ॲक्सेसिबिलिटी त्याला, आणि काढू जावे तर 'डिव्हाइस ॲडमिन'ही तेच होऊन बसलेले. मुलाने आधी इंटरनेट बंद केले. मग पॉवरचे बटण धरून, बंद करण्याचा पर्याय दाबून ठेवून मोबाईल 'सेफ मोड'मध्ये सुरू केला. तेथे आपण मागून बसविलेली ॲपे निजलेली असतात. एकेक परवाना काढून घेतला, अभंगांचे ॲप काढले आणि मग ती त्रयी. प्ले प्रोटेक्टची तपासणी केली. एरवी असे एखादे ॲप इंटरनेट बंद असतानाही परत आले, तर ते मोबाईलमध्येच कोठे दडले आहे असे समजावे, हेही त्याने सांगितले.

त्यानंतर आजींनी दुसऱ्या मोबाईलवरून बँकेला कळविले आणि पिन बदलला. पैसे गेले नव्हते. गेले असते तर 1930 ह्या क्रमांकावर त्वरित तक्रार करावयाची होती. तेथे जितका उशीर तितकी अडचण.

राहिला प्रश्न ते अभंगांचे ॲप आले कोठून. प्ले स्टोअरवरून नव्हे. व्हॉट्सॲपवर आलेली ती एक फाईल होती, नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे. शेतकऱ्यांच्या सन्मान निधीच्या नावाने, गाडीच्या दंडाच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावानेही अशा फायली फिरतात, तशीच ही. मुलाने दिंडीचा ग्रुप वर सरकवीत नेला आणि एका ओळीवर बोट ठेवले. ती फाईल पुढे धाडणारे आम्हीच होतो. आषाढीच्या आधी कोणाकडून तरी आली, वरचे चित्र पाहिले आणि न उघडता सर्वांस पाठविली.

आजी काही बोलल्या नाहीत. नातवाचा हात धरून दुकानाबाहेर नेले, त्याला शेवचिवडा घेऊन दिला. आम्ही ग्रुपवर लिहिले की ती फाईल आमची चूक, कोणी उघडू नये, उघडली असल्यास आम्हांस मोबाईल दाखवावा. लोणीकंदच्या मुक्कामी तोच नातू कंदिलापाशी बसून एकेकाचे सेटिंग तपासू लागला. चार मोबाईलांत ते ॲप सापडले. पाचवा मोबाईल आमचा. त्यात फाईल नुसती पडून होती, तीही त्यानेच पुसली.