किलो उतरले, पण कशाचे?

वजन उतरलं की माणसं विचारतात, "किती उतरलं?" काय उतरलं, हे कोणी विचारत नाही. माझं वजन भराभर कमी होत होतं त्या दिवसांत रत्नागिरीच्या बाजारात भेटणारी प्रत्येक ओळखीची बाई "छान बारीक झालीस गं" म्हणून पुढे जायची. परकराची नाडी मात्र जुन्याच जागी बांधावी लागत होती. काटा खाली, कंबर तिथल्या तिथे.

आहार साधा होता आणि ऑफिसातल्या आम्ही बऱ्याच जणी तोच करत होतो. सकाळी फळं, दुपारी पेज आणि काकडी, संध्याकाळी शहाळं, रात्री भाज्यांचं सूप, शिवाय आठवड्याचे उपास. त्यात जून लागला. यांत्रिक नौका बंदरात उभ्या राहिल्या, मिरकरवाड्याला ताजी मासळी दिसेनाशी झाली आणि बांगडा आपसूक सुटला. अंडी उष्ण, कडधान्यं वातूळ, डाळ जड, म्हणून तीही गेली. उरलं ते सगळं हलकं. पुढे आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्याकडून तीन दिवसांचं खाणं लिहून घेतलं आणि हिशेब मांडला, तेव्हा दिवसाची प्रथिनं पंचवीस ग्रॅमही भरेनात.

पेज प्यायली की तासाभरात पोटात खड्डा पडायचा. रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळाकडे चढताना मांड्या भरून यायच्या. पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागायचा, आणि मी काही सत्तरीची नव्हे. दोनेक महिन्यांनी फणीत केसांचे पुंजके येऊ लागले. झपाट्यानं वजन उतरवलं की केस असे उशिरा गळतात, त्यामुळे त्याचा दोष आपण शाम्पूला देतो.

आत काय घडतं ते समजून घेतलं तर पुढचं सोपं जाईल. चरबीसारखा प्रथिनांचा वेगळा साठा शरीरात नसतो. जी आहेत ती स्नायूंत, रक्तात, अवयवांत कामाला लागलेली असतात. खाणं फार कमी झालं आणि त्यात प्रथिनंही नसली, की चुलीत सरपणाबरोबर घराचे वासेही जाऊ लागतात. नुसत्या उपासमारीनं उतरलेल्या वजनात पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त भाग चरबीशिवायचा, म्हणजे स्नायू वगैरेंचा असू शकतो. नेहमीचं खाणं सुरू झालं की वजन परत येतं, पण त्यात चरबी लवकर भरते आणि स्नायू मागे राहतात.

आपल्या लोकांना हा तोटा जास्त महागात पडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'द लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, 22.3. याज्ञिकांच्या शरीरात चरबी 21.2 टक्के, युडकिन यांच्या 9.1 टक्के. दिसायला बारीक पण आतून चरबीचा, असा हा आपला बांधा. मुळात स्नायूंची पुंजी थोडी; तीच वजन घटवताना उधळली तर मधुमेहाच्या वाटेवर आपण दोन पावलं पुढेच जातो. वजन उतरवायला दोनदा जेवावं की दर दोन तासांनी खावं, यावर महाराष्ट्रातल्या घराघरांत वाद झाले. ताटात काय आहे, यावर त्यामानानं फारच कमी बोललं गेलं, असं मला वाटतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 मध्ये निरोगी प्रौढांसाठी वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगितली. साठ किलोच्या बाईला साधारण पन्नास ग्रॅम. वजन उतरवत असताना मात्र किलोमागे 1.2 ग्रॅमपर्यंत जावं, असं बरेच आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे सत्तरच्या आसपास. एकूण खाणं कमी करायचं आणि हा भाग वाढवायचा, सगळी गोम इथे आहे. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. शिवाय त्यांच्यातून मिळणाऱ्या शंभर कॅलरींतल्या वीस-तीस पचनातच खर्च होतात. पिष्टाच्या बाबतीत हा खर्च पाच-दहाचा.

हे सत्तर ग्रॅम कोकणात जमवणं अवघड नाही. दोन मध्यम बांगड्यांत तीस ग्रॅमच्या आसपास मिळतात, तेही स्वस्तात. पापलेट-सुरमईच हवी असं काही नाही. तिखलं करा, पण रवा लावून तेलात पोहवू नका. ओल्या बोंबलात पाणीच फार, त्यामुळे त्याच्यावर भिस्त ठेवू नये (चवीची गोष्ट वेगळी). मासेमारी बंद असते तेव्हा आगोटीला भरलेले सोडे, जवळा, सुकट कामी येतात. वाळवल्यानं प्रथिनं एकवटतात, पण मीठही एकवटतं, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी सुकी मासळी भिजवून, धुऊन आणि बेतानंच खावी. दोन अंड्यांत बारा-तेरा ग्रॅम.

मासे-अंडी न खाणाऱ्यांची खरी दौलत कुळीथ. शंभर ग्रॅम कुळथात बावीसेक ग्रॅम प्रथिनं, डाळींच्या तोडीची. पण नुसतं कळण पिऊन भागत नाही, दाणे खायचे. सकाळी मूठभर मुगाची धिरडी, दुपारी कुळथाची उसळ आणि वाटीभर दही, संध्याकाळी फुटाणे, रात्री कडव्या वालांचं बिरडं किंवा चवळी. कमी पडलं तर पनीर, सोयावडी. आमटीचं पाणी वाढवलं की वाटी भरते, प्रथिनं वाढत नाहीत. साबुदाण्यात ती जवळपास नसतातच. नाचणीत कॅल्शियम भरपूर, प्रथिनं तांदळाइतकीच. ताक दह्याचं असलं तरी त्यात दही किती घातलंय ते बघा.

आणि हे सगळं रात्रीच्या जेवणात कोंबू नका, तिन्ही वेळांना वाटून घ्या. सोबत आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारं काहीतरी हवं. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकवून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं, काहीही. नुसतं मांडवीवर फिरायला जाऊन भागत नाही. वजन आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं.

पावडरीचा डबा आणावा का, हे मला हल्ली फार विचारतात. अमेरिकेत 1970 च्या दशकात प्राण्यांची कातडी आणि स्नायुबंध यांपासून केलेल्या द्रव प्रथिनांवरच राहण्याची लाट आली होती. त्यात पन्नासहून अधिक माणसं दगावल्याची नोंद झाली. आजची पावडर तशी नसते, पण जेवण म्हणून तिच्यावर राहणं चूकच. बहुतेकांना तिची गरजही नसते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनी क्रिएटिनिन तपासूनच सुरुवात करावी, कारण मूत्रपिंडाचा आजार बराच काळ कळत नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी केल्यावर साखर उतरू शकते, त्यांचा डोसही विचारून घ्या.

काट्यावर रोज उभं राहण्यापेक्षा महिन्यातून एकदा कमरेला टेप लावा. बायकांसाठी 80 सेंटिमीटर, पुरुषांसाठी 90 ही मर्यादा. त्याच दिवशी दोन्ही हात छातीशी धरून, तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजून वहीत टिपा. टेप आणि ही उठबस दोन्ही सुधारत असतील, तर काटा एखादा महिना हलला नाही तरी जेवण कापू नका.