बाबासाहेबांचे अर्थशास्त्र : गुरुपरंपरा आणि लहान शेतीचा प्रश्न

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरच्या भूमीवर धम्मदीक्षा दिली, हे आपल्या परिसरातील घराघराला ठाऊक आहे. मात्र त्यांच्या उच्च शिक्षणाचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता आणि त्यांच्या एका निबंधाचा आपल्या धानाच्या बांध्यांशी निकटचा संबंध आहे, याची जाणीव थोड्यांनाच आहे.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. सार्वजनिक वित्ताचे विद्वान एडविन सेलिग्मन हे तेथील त्यांचे गुरू. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील बाबासाहेबांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने आला, तेव्हा प्रस्तावना सेलिग्मन यांनीच लिहिली. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एडविन कॅनन यांचे मार्गदर्शन लाभले. रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाच्या मताचे खंडन केले. त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत कॅनन आपले मतभेद स्पष्ट नोंदवतात, तरीही शिष्याच्या विचारांतील ताजेपणाला दाद देतात. गुरूची री न ओढता पुराव्यानिशी स्वतंत्र मत मांडणे, ही ती परंपरा होय.

तिचा प्रत्यय १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधात येतो. शेतांचे तुकडे होण्यास वारसा कायदा कारणीभूत आहे आणि तुकडे एकत्र केले की प्रश्न सुटेल, असे तेव्हा अनेक जाणकार मानीत. बाबासाहेबांनी मुळालाच हात घातला. शेत लहान की मोठे, हे केवळ एकरांवरून ठरत नाही. त्यावर राबणारे हात आणि लागणारे भांडवल यांच्याशी त्याचे प्रमाण काय, यावरून ठरते. अन्य रोजगार नसल्याने सारी माणसे जमिनीलाच चिकटून राहतात, म्हणून तिचे तुकडे पडतात. रिकामे हात काही निर्माण करीत नाहीत; परंतु पोट थांबत नाही, म्हणून असलेली शिल्लकही संपते. यावर त्यांनी सुचविलेला मुख्य उपाय होता औद्योगिकीकरण. शेतीतील अतिरिक्त श्रमशक्तीचा आर्थर लुईस यांचा प्रसिद्ध सिद्धांत १९५४ चा आहे. बाबासाहेबांनी हा प्रश्न त्याच्या छत्तीस वर्षे आधी मांडला होता.

आता आपल्या गावांकडे पाहू. धान निघाले की अनेक कुटुंबे मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात, उन्हाळ्यात तेंदूपत्त्यावर राबतात. हे कष्टाळू लोक आहेत. उणीव आहे ती गावातील बारमाही कामाची. आईबापांसोबत मूलही गेले की शाळेतील त्याची जागा रिकामी होते आणि तेच दारिद्र्य पुढच्या पिढीकडे जाते. निवासी शाळेचे मोल येथे कळते.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. बाबासाहेबांच्या प्रतिमेला वंदन करताना त्यांची अभ्यासपद्धतीही मुलांच्या हाती द्यावी. आपल्या गावात किती एकर जमीन आहे, किती माणसे तिच्यावर अवलंबून आहेत आणि वर्षातील किती दिवस त्यांना काम मिळते, हे मुलांनी स्वतः मोजावे. लंडन-न्यूयॉर्कपर्यंत पोहोचलेली ती ज्ञानपरंपरा अशानेच आपल्या बांधीपर्यंत येईल.