न्यायदंडाधिकारी : अधिकार आणि कर्तव्य

तारापूर औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कामगारास बोईसर येथे अटक झाल्यास, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्यास न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे. ही हमी संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिली आहे.

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, पालघर न्यायालयातील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी ३ वर्षांपर्यंत कारावास व ५० हजार रुपयांपर्यंत दंड देऊ शकतात. परंतु या अधिकाराइतकेच त्यांचे कोठडीविषयक कर्तव्य मोलाचे आहे. केवळ पोलिसांनी मागितली म्हणून पोलीस कोठडी देता येत नाही. तिची कारणे लेखी नमूद करावी लागतात.

अटकेतील व्यक्तीस विधी सेवा प्राधिकरणामार्फत विनामूल्य वकील मिळू शकतो. ही मागणी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे निःसंकोचपणे मांडावी.