छोट्या अंगणासाठी झाड निवडताना

पावसाळा तोंडावर आला की दवाखान्यात औषधाच्या चिठ्ठीबरोबर आणखी एक सल्ला मागितला जातो. "डॉक्टर, घरापुढे दहा बाय बारा फुटांची जागा आहे. कोणते झाड लावू?" खरे तर हा प्रश्न माळ्याला विचारायचा. पण विचारणाऱ्याच्या घरी बहुधा दमा असलेल्या सासूबाई असतात, नाहीतर हाताला लागेल ते तोंडात घालणारे नातवंड असते. अशा घराने हा प्रश्न डॉक्टरला जरूर विचारावा.

पुण्यात झाडांविषयी सर्वांत जास्त तक्रार ऐकू येते ती सप्तपर्णीची, म्हणजे आपल्या सातविणीची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती हिरवट पांढऱ्या गुच्छांनी फुलते आणि संध्याकाळनंतर गल्लीभर उग्र वास सुटतो. कोणाला तो आवडतो, तर कोणाचे डोके दुखते. दमा असलेल्या काहींना खोकल्याची उबळ येते. मात्र सगळा दोष या झाडावर टाकू नये. त्याच दिवसांत हवा पालटते, पहाटे गारठा पडतो आणि दिवाळीच्या फटाक्यांचा धूरही असतो. सप्तपर्णी आपल्याच जंगलातले झाड आहे. शांतिनिकेतनात तर पदवीदान समारंभात तिची पाने देण्याची प्रथा आहे. पण ते पडले उंच वाढणारे जंगली झाड. बेडरूमच्या खिडकीला लागून त्याला जागा देणे शहाणपणाचे नाही.

परागकणांच्या बाबतीत लोकांचा समज बरोबर उलटा असतो. जास्वंद, सोनचाफा यांसारख्या डोळ्यांत भरणाऱ्या किंवा सुवासिक फुलांना पेशंट घाबरतात. अशा फुलांचे पराग सहसा जड व चिकट असतात आणि ते कीटक वाहून नेतात. ते हवेत फारसे उडत नाहीत. खरा त्रास होतो तो वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या झाडांचा. त्यांची फुले इतकी बारीक असतात की झाड फुलले आहे हे घरच्यांना कळतही नाही. वावळ आणि सुरू ही अशी झाडे आहेत. हिवाळा सरता सरता वावळ फुलते, तेव्हा ॲलर्जी असणाऱ्यांच्या शिंका वाढू शकतात. गवतांचेही तसेच. त्यामुळे झाड लावण्याआधी कोपऱ्यातले गवत काढावे, आणि गाजरगवत तर मुळासकट उपटावे. या गाजरगवताची देशातली सुरुवातीची नोंद १९५० च्या दशकात आपल्या पुण्यातच झाली! त्याने दमा बळावतो आणि कातडीवर चिवट इसबही उठते, म्हणून उपटताना हातमोजे घालावेत.

आता लहान मुलांविषयी, आणि हा भाग कृपया घरातल्या सर्वांना वाचून दाखवावा. कुंपणाला पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, लावण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. शेळी तोंड लावत नाही, पाणी फार लागत नाही आणि देवाला बारा महिने फुले मिळतात. परंतु तिच्या बियांत हृदयावर परिणाम करणारे विष असते. ते डिजॉक्सिन या हृदयरोगावरील औषधाच्या जातीचे आहे. दोन-तीन बियाही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. आधी मळमळ व उलट्या होतात, मग नाडी मंद आणि अनियमित होते. लाल-पांढरी कण्हेरही विषारीच. मोगली एरंडाच्या बिया मुले शेंगदाण्यासारख्या खातात आणि जुलाब-उलट्यांनी बेजार होतात. मुलाने असे काही खाल्ल्याची नुसती शंका आली तरी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याच्या फंदात पडू नये. दूध, तूप, ताक यांवर वेळ घालवू नये. खाल्लेली बी किंवा फांदी पिशवीत घालून मुलाला थेट ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. मूल हसतेखेळते दिसले तरी न्यावे, कारण नाडीवरचा परिणाम उशिरा दिसू शकतो.

मग लावावे काय? माझी पहिली पसंती कढीपत्त्याला. तो आटोपशीर वाढतो आणि स्वयंपाकघराला रोज उपयोगी पडतो. त्याची पिकलेली काळी फळे मात्र मुलांना खाऊ देऊ नयेत. पारिजातक छाटून दहा-बारा फुटांत ठेवता येतो. त्याच्या पानांचा काढा तापावर घेतात. घ्यायचा तर घ्यावा, पण डेंग्यूच्या दिवसांत रक्त तपासणे त्यासाठी लांबवू नये. पेरूत संत्र्याच्या तीन-चार पट क जीवनसत्त्व असते. फक्त वटवाघळाने उष्टावलेले फळ फेकून द्यावे. कागदी लिंबू उत्तम, पण काटे असल्याने मुलांच्या वाटेवर नको. बकुळ सावकाश वाढते, मात्र घनदाट सावली देते; जागा थोडी मोठी असेल तर तिच्यासारखे झाड नाही. बहावा सर्वांनाच हवा असतो. तो फुलतो ऐन उन्हाळ्यात, आणि तेव्हाच त्याची पाने झडलेली असतात. म्हणजे सावली हवी असते नेमकी तेव्हा मिळत नाही.

शेवगा घराशेजारी नको असे जुनी माणसे सांगत. त्याचे लाकूड ठिसूळ, फांदी कधी मोडेल याचा भरवसा नसतो आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात. त्यांचे केस लागले की अंगावर गांधी उठतात. त्याची पाने व शेंगा मात्र पौष्टिक असतात. तेव्हा मागच्या बाजूला, भिंतीपासून दूर लावावा आणि दरवर्षी शेंगा उतरल्यावर छाटावा.

झाड शक्यतो घराच्या पश्चिमेला असावे, म्हणजे एप्रिल-मेमधले दुपारचे ऊन अडते. पूर्वेची खिडकी मोकळी ठेवावी. सकाळचे ऊन आत आले की ओल आणि बुरशी कमी राहते, आणि बुरशी हीदेखील दमेकऱ्यांची शत्रूच. वड, पिंपळ, उंबर ड्रेनेजपासून लांबच बरे. निवड आधीच नीट करावी, कारण १९७५ च्या राज्य कायद्यामुळे शहरातले झाड, ते आपल्या अंगणातले का असेना, मोठे झाल्यावर परवानगीशिवाय तोडता येत नाही. पूर्ण वाढलेले झाड केवढे होते हे रोपवाटिकेतल्या पिशवीकडे पाहून कळत नाही. एम्प्रेस गार्डनमध्ये एक चक्कर मारावी आणि जुनी झाडे मान वर करून पाहावीत.

एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावावे. आळ्यात पाणी मुरेल इतकेच घालावे. शेजारच्या कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र आठवड्यातून एकदा घासून कोरड्या कराव्यात. डेंग्यूच्या डासाची अंडी ताटलीच्या कडेला चिकटलेली असतात, ती नुसते पाणी ओतून दिल्याने जात नाहीत.